थांबलेल्या वर्गणीचा हिशेब

आजारपणामुळे एखाद्याचं काम सुटलं की घरात पहिला प्रश्न येतो तो महिन्याचा. पगार थांबला, आता घर कसं चालणार? औषधं, डॉक्टर, मुलांच्या फिया, कर्जाचे हप्ते. हा प्रश्न इतका मोठा आणि इतका तातडीचा असतो की त्याच्या मागे उभा असलेला दुसरा प्रश्न कुणाला दिसतच नाही. पगाराबरोबर त्याच दिवशी आणखी एक गोष्ट थांबलेली असते: पेन्शनसाठी दर महिन्याला जमा होणारी वर्गणी. तिचा फटका लगेच बसत नाही. तो वीस-पंचवीस वर्षांनी बसतो आणि तेव्हा नुकसान भरून काढायला ना अंगात बळ असतं, ना हाताशी वेळ.

माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात मी हे जवळून पाहिलं. ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावरच हल्ला करते. निदान बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होतं, आणि बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. म्हणजे माणूस कामात रुळलेला असतो, पगार वाढू लागलेला असतो, पेन्शनच्या खात्यात नुकती कुठे भर पडू लागलेली असते, नेमक्या त्या वयात हा आजार गाठतो. ताई इमारतींचे आराखडे काढायची. आधी नजर दुहेरी व्हायला लागली, मग बोटं बधिर झाली, आणि मग आला तो थकवा, जो झोपून उठल्यावरही जात नाही आणि बघणाऱ्याला दिसतही नाही. चाळिशीच्या आसपास तिचं काम पूर्ण बंद झालं. डॉक्टरांचं भाऊजी बघत होते. कागद मी बघायचे ठरलं.

त्या कागदांत शिरल्यावर मी सगळ्यात आधी एक साधा हिशेब मांडला. समजा, एखादी व्यक्ती पंचविसाव्या वर्षापासून पासष्टाव्या वर्षापर्यंत दर वर्षी 100 बाजूला टाकते, आणि महागाई वजा जाता त्यावर दर साल 4 टक्के वाढ मिळते. चाळीस वर्षांनी खात्यात सुमारे 9,503 जमतील. आता तीच व्यक्ती चाळिसाव्या वर्षी आजारी पडली आणि वर्गणी थांबली, पण आधीचे पैसे तसेच राहू दिले, तर पासष्टीला 5,338 मिळतील. न भरलेली वर्गणी 2,500 ची. नुकसान 4,165 चं. आणि चाळिशीतच पैशांची गरज पडली म्हणून सगळी शिल्लक काढून घेतली, तर हातात येतात फक्त 2,002. आज घेतलेल्या त्या 2,002 च्या बदल्यात म्हातारपणातले 5,338 गेलेले असतात.

या हिशेबातला मला सर्वांत बोचलेला भाग वेगळाच होता. पाचच वर्षांचा खंड घ्या. तो साठ ते पासष्ट या वयात पडला तर नुकसान 542 चं. तोच खंड पस्तीस ते चाळीस या वयात पडला तर 1,444 चं. वर्गणी तेवढीच, वर्षंही तेवढीच, पण तरुणपणी थांबलेली वर्गणी अडीचपटीहून जास्त महाग पडते. तरुण वयात अपंगत्व आलेल्या माणसाला लोक धीर देतात, 'अजून वय तुझ्या बाजूचं आहे' म्हणून. शरीर सावरण्याच्या बाबतीत ते खरंही असेल. पेन्शनच्या बाबतीत तेच वय त्याच्या विरुद्ध असतं.

ज्या योजनांत पेन्शन साठलेल्या रकमेवर न ठरता नोकरीच्या वर्षांवर ठरतं, तिथेही गोष्ट फार वेगळी नाही. दर वर्षाला पगाराचा साठावा हिस्सा असं सूत्र असेल, तर चाळीस वर्षांच्या नोकरीला पगाराचा दोन तृतीयांश भाग मिळतो आणि पंधरा वर्षांच्या नोकरीला एक चतुर्थांश. शिवाय हा चतुर्थांश मोजला जातो चाळिशीतल्या पगारावर. साठीपर्यंत तो पगार जिथे पोचला असता, ते कुठेच धरलं जात नाही.

हे सगळं बघताना मला वाटायचं की अपंगत्व आणि म्हातारपण हे दोन वेगळे विषय आहेत आणि आपण ओढूनताणून त्यांना एकत्र आणतोय. इतिहास वाचला तेव्हा उलटं निघालं. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, 1889 साली, जो पेन्शनचा कायदा झाला आणि 1891 पासून लागू झाला, तो जगातला पहिला मोठा सार्वजनिक पेन्शनचा कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या नावातच अपंगत्व आणि वार्धक्य या दोन्हींचा विमा होता, आणि अपंगत्व आधी होतं. वयाचं पेन्शन मिळायचं सत्तरीला, आणि कामगारांपैकी सत्तरी गाठणारे थोडेच. कायद्याचा खरा आधार होता तो शरीर थकल्यामुळे, मोडल्यामुळे काम सुटलेल्यांना. त्या काळी कार्डावर तिकिटं चिकटवून आठवड्याची वर्गणी भरायची पद्धत होती. कामगार दाखल्यानिशी आजारी असला, कामाला जाऊ शकत नसला, तर ते आजारपणाचे आठवडेही वर्गणीचे आठवडे म्हणून धरायची तरतूद त्या कायद्यात होती. माणूस पडून आहे म्हणून त्याचं कार्ड कोरं राहू नये, हे पेन्शन नावाची गोष्ट जन्माला येतानाच कुणाला तरी सुचलं होतं. पुढे वयाचं पेन्शन वाढत गेलं, लोक जास्त जगू लागले, आणि पेन्शन म्हणजे साठीनंतरची गोष्ट असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं.

अमेरिकेतली गोष्ट मला याहून बोलकी वाटते. तिथे सामाजिक सुरक्षेचा कायदा 1935 चा. त्यात काम सुटलेल्या अपंग माणसासाठी काहीच नव्हतं, उलट त्याची शून्य कमाईची वर्षं सरासरीत धरली जायची आणि म्हातारपणीचं पेन्शन घटायचं, क्वचित हक्कच जायचा. 1954 साली कायदा बदलला. त्या बदलाने अपंग माणसाच्या हातात एक डॉलरही दिला नाही. एवढंच केलं, की अपंगत्वाचा काळ त्याच्या नोंदीतून बाजूला काढला, म्हणजे ती रिकामी वर्षं मोजायची नाहीत. नोंद होती तिथे गोठवली. रोख मदत आली 1956 साली, आणि तीही आधी पन्नाशी ओलांडलेल्यांनाच. वयाची ही अट 1960 मध्ये गेली. राजकारणात रोख रकमेचा प्रश्न अडकून पडला होता, पण पेन्शनची नोंद वाचवणं हा वेगळा आणि आधी सोडवता येण्यासारखा प्रश्न आहे, हे तिथे मान्य झालं. ताईच्या कागदांसमोर बसताना मला या क्रमाची फार मदत झाली. महिन्याच्या पैशांचं काय ते ठरेल तेव्हा ठरेल. नोंद आधी वाचवायची.

नोंद वाचवायच्या रीती देशोदेशी निराळ्या आहेत. कॅनडाच्या पेन्शन योजनेत अपंगत्वाचं पेन्शन चालू असलेले महिने वर्गणीच्या काळातून वगळले जातात. ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शन पूर्ण मिळायला साधारणपणे 35 वर्षांची नोंद लागते आणि काहीतरी मिळायला किमान 10 वर्षांची. आजारपणाचा ठरावीक भत्ता घेणाऱ्याच्या नावावर ती वर्षं न भरताच जमा धरली जातात. भारतात 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत एरवी 10 वर्षांच्या सेवेची अट आहे, पण नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पेन्शनचा हक्क मिळतो. अट शिथिल होते हे मोलाचं आहेच. रकमेचं सूत्र मात्र झालेल्या सेवेवरच चालतं, न झालेली वर्षं कुणी भरून देत नाही.

ती भरून देण्याची सर्वांत विचारपूर्वक केलेली रीत मला जर्मनीचीच वाटते. तिथे अपंगत्वाचं पेन्शन ठरवताना माणूस पुढेही काम करत राहिला असता असं मानून वर्षं जोडली जातात. 2019 मध्ये सुरू झालेल्या पेन्शनांसाठी ही मानीव वर्षं 65 वर्षं 8 महिने या वयापर्यंत धरली गेली, आणि टप्प्याटप्प्याने 2031 पर्यंत ती मर्यादा 67 वर नेली जातेय. त्यात आणखी एक बारकावा आहे, जो वाचून मी थांबले. या मानीव वर्षांची किंमत माणसाच्या आधीच्या कमाईच्या सरासरीवर ठरते. पण अपंगत्वाच्या आधीची चार वर्षं धरल्यामुळे सरासरी घसरत असेल, तर ती वर्षं सोडून दिली जातात.

हा नियम करणाऱ्याने आजारी माणूस जवळून पाहिलेला असणार. कारण सावकाश येणारा आजार माणसाला एका दिवसात घरी बसवत नाही. ताईने आधी जादा काम सोडलं. मग अवघड जबाबदाऱ्या सोडल्या. मग तिने अर्धवेळ मागून घेतली. 'झेपेल तेवढं करते, पण करते,' असं ती म्हणायची, आणि आम्हाला सगळ्यांना तिचं कौतुक वाटायचं. ते योग्यच होतं. पण पुष्कळ योजनांत संरक्षण मोजलं जातं ते काम पूर्ण थांबण्याच्या वेळच्या पगारावर. म्हणजे जो माणूस जिद्दीने अर्ध्या पगारावर दोन वर्षं ओढत राहतो, त्याला मिळणारं संरक्षणही अर्ध्या पगाराचं. आणि जो निदान झाल्यावर लगेच थांबतो, त्याला पूर्ण पगाराचं. चिकाटीची अशी शिक्षा होऊ नये असं मला मनापासून वाटतं. काही योजनांत पगार कमी होण्याआधीचा आकडा धरायची सोय असते, पण बहुधा ती आधी लेखी मागून घ्यावी लागते. म्हणून आजारपणामुळे तास कमी करायचा अर्ज देणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, की त्या अर्जात 'प्रकृतीच्या कारणास्तव' हे शब्द असू द्या, डॉक्टरांचा कागद जोडा, आणि विमा व पेन्शन कोणत्या पगारावर धरलं जाणार हे त्याच वेळी लेखी विचारा.

सरकारी व्यवस्थेच्या पलीकडे नोकरीच्या ठिकाणच्या किंवा स्वतः घेतलेल्या पेन्शनला जोडून एक संरक्षण असतं. सोप्या शब्दांत त्याला वर्गणीमाफी म्हणता येईल. अपंगत्वामुळे कमाई थांबली तर तुमची वर्गणी विमा कंपनी किंवा पेन्शन फंड भरत राहतो, निवृत्तीच्या ठरलेल्या वयापर्यंत. नेदरलँड्समध्ये नोकरीच्या पेन्शनमध्ये ही सोय इतकी रुळलेली आहे, की अपंग झालेल्या कामगाराचं पेन्शन वर्गणीशिवाय साठत राहणं हा तिथल्या योजनांचा नेहमीचा भाग आहे. इतर ठिकाणी ती निवडावी लागते, फॉर्मवरच्या एका छोट्या चौकोनात खूण करून. थोडा जास्त हप्ता पडतो, म्हणून तो चौकोन बहुतेक जण रिकामा सोडतात.

पुष्कळांचा असा समज असतो, की आपल्याकडे उत्पन्न-संरक्षणाचा विमा आहे, म्हणजे झालं. तो विमा पगाराचा काही भाग देतो, साधारण निम्म्याच्या थोडा वर, आणि त्यात घर चालतं. पण त्या रकमेतून पेन्शनची वर्गणी आपोआप जात नाही, आणि मालक जो वाटा घालत होता तो तर बंदच होतो. हा विमा संपतो कधी? निवृत्तीच्या वयाला. म्हणजे ज्या दिवशी पेन्शनवर विसंबायची वेळ येते, नेमकी त्याच दिवशी मदत थांबते, आणि पुढे दिसतं ते वीस-पंचवीस वर्षं भर न पडलेलं खातं. म्हणून अशा विम्याच्या कागदात पेन्शनच्या वर्गणीचा उल्लेख आहे का, आणि त्यात मालकाचा वाटा धरलाय का, हे बघितल्याशिवाय तो विमा पुरेसा आहे असं कुणी मानू नये.

ताईच्या कंपनीच्या योजनेत वर्गणीमाफी होती. हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ती राजीनामा द्यायला निघाली होती. 'लोकांवर ओझं होऊन राहण्यापेक्षा मानाने बाहेर पडते,' असं तिचं म्हणणं. तिची ती भावना मी समजू शकते. आयुष्यभर नीटनेटकं काम केलेल्या बाईला अर्धंमुर्धं काम नकोसं होतं. पण अशा सामूहिक योजनांत अपंगत्वाची सुरुवात नोकरीत असताना व्हावी लागते. एकदा राजीनामा मंजूर झाला की माणूस योजनेच्या बाहेर जातो आणि नंतर कितीही कागद जोडले तरी दार उघडत नाही. तिने तो राजीनामा दिला नाही. आजारपणाची रजा घेतली, आणि प्रतीक्षेचा काळ मोजायला सुरुवात झाली. हा काळ योजनेप्रमाणे 13, 26 किंवा 52 आठवड्यांचा असतो. तेवढे दिवस काम बंद राहिल्यावरच वर्गणीमाफी लागू होते. मधल्या काळातली वर्गणी कुणी भरायची हाही एक प्रश्नच, आणि त्याचं उत्तर त्याच नियमपुस्तकात वेगळ्या पानावर असतं.

मग येते व्याख्या. काम करता येत नाही म्हणजे कोणतं काम? काही करारांत स्वतःचं नेहमीचं काम धरतात, काहींत शिक्षण आणि अनुभव बघता जमेल असं कोणतंही काम, आणि सर्वांत कडक करारांत जगातलं कोणतंही काम. आराखडे काढणाऱ्या माणसाची बोटं बधिर झाली तर पहिल्या व्याख्येत तो बसतो. तिसऱ्या व्याख्येत त्याला सांगता येतं, की फोनवर बोलायचं काम तर करता येईल ना. हप्ता कमी दिसला म्हणून तिसरी व्याख्या घेणाऱ्यांना मी दोष देत नाही, पण एवढा एक शब्द वाचून मगच सही करावी.

चढउतार असणाऱ्या आजारात फॉर्म भरणं हे वेगळंच दुखणं आहे. 'किती अंतर चालता येतं?' कुठल्या दिवशी? मंगळवारी ताई जिना चढते, गुरुवारी तिला पलंगावरून उठवावं लागतं. तिने पहिल्यांदा फॉर्म भरला तो तिच्या चांगल्या दिवसाचा. प्रत्येक रकान्यात 'थोड्या मदतीने जमतं'. मी म्हटलं, "ताई, हे खरं नाही."

ती म्हणाली, "मग काय लिहू? मी कुठल्याच कामाची नाही, असं माझ्याच हाताने लिहून देऊ?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. नंतर आम्ही दोघींनी मिळून रोजची वही ठेवली: आज किती वेळ बसता आलं, किती वेळात डोळे थकले, काय करायचं राहून गेलं. त्या वहीतून पुढे जे उतरलं ते ना चांगल्या दिवसाचं होतं, ना वाईट दिवसाचं, ते महिन्याचं होतं. आराखडा काढणारा माणूस मोजमापाला घाबरत नाही. स्वतःबद्दल कमीपणाचं लिहायचंय असं म्हटल्यावर जी अडून बसली होती, तिनेच मोजून लिहायचंय म्हटल्यावर स्वच्छ, नेमकं लिहिलं. अर्ज मंजूर झाला. ठरावीक काळाने फेरतपासणी होते आणि वही अजून चालू आहे.

मंजुरीच्या पत्रात बघायची आणखी एक गोष्ट म्हणजे वाढ. भरली जाणारी वर्गणी आजच्याच आकड्यावर थिजून राहणार, की महागाईप्रमाणे वाढणार? पंचवीस वर्षांच्या काळात या एका ओळीने फार मोठा फरक पडतो.

आणि ज्यांच्याकडे असं संरक्षण नाही, त्यांचं काय? त्यांनी घरच्यांच्या मदतीने का होईना, स्वतः वर्गणी भरत राहावं, असं सहज वाटतं. तिथे अनेक ठिकाणी कायदाच आडवा येतो. पेन्शनच्या खात्यात भरायचे पैसे कमाईचे असावे लागतात, आणि अपंगत्वाचा भत्ता कमाई धरला जात नाही. अमेरिकेत वैयक्तिक निवृत्ती खात्यासाठी हीच अट आहे. तिथे कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नावर वर्गणी भरायची वाट तेवढी ठेवलेली आहे. ब्रिटनमध्ये कमाई नसलेल्यालाही वर्षाला करसवलत धरून 3,600 पौंडांपर्यंत भरता येतात. ही दारं लहान आहेत, पण आहेत. ज्याला ती लागतात त्याच्यापर्यंत त्यांची माहिती पोचत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, 28 व्या कलमात, निवृत्तीच्या लाभांपर्यंत अपंगांना समान पोच असावी असं स्पष्ट लिहिलंय. कमाई नाही म्हणून बचतीचं दार बंद, हे त्या कलमाशी कसं जुळवायचं ते मला कळत नाही.

ताईचा हिशेब मार्गी लागल्यावर एकदा तीच म्हणाली, "माझं तू सगळं मांडलंस. ह्यांचा रकाना कुठे आहे त्यात?"

भाऊजींनी तिच्या देखभालीसाठी अर्धवेळ काम पत्करलंय. त्यांच्या वर्गणीचं कुणी काही विचारलेलं नव्हतं, मीही नाही. जर्मनीत 1995 पासून देखभाल विम्यातून घरी सेवा करणाऱ्याची पेन्शनची वर्गणी भरली जाते. आज त्यासाठी आठवड्याला किमान 10 तासांच्या देखभालीची आणि आजारी माणसाची गरज ठरावीक पातळीची असण्याची अट आहे. ब्रिटनमध्ये आठवड्याला 20 तास देखभाल करणाऱ्याला सरकारी पेन्शनच्या नोंदीत वर्षं जमा मिळू शकतात. भाऊजींच्या कंपनीच्या योजनेत असं काही नाही. नियमपुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. आधीच्याच सूत्राने मांडलं, तर पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात दहा वर्षं वर्गणी निम्मी झाली की पासष्टीला 9,503 च्या जागी 8,614 उरतात. ताईने तो कागद हातात घेतला, आकडे दोनदा तपासले, आणि त्यांना सांगितलं की पुढच्या आठवड्यात कंपनीत जाऊन स्वतःच्या खुशीने जादा वर्गणी भरायचा फॉर्म घेऊन या, तो ती स्वतः भरणार आहे.